रिकाम्या पोटाचं इंजिन

लग्नकार्यात कोणी विचारलं, तुम्ही काय करता, की मी सांगते, "डिझेल इंजिनं बनवते." समोरची बाई आधी माझ्या हातांकडे बघते. हातांना ग्रीस नसतं. मग मी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवते आणि म्हणते, "एवढी." तिचा जीव भांड्यात पडतो. "अगंबाई, खेळणी होय!"

पूर्वी मला या शब्दाचा राग यायचा. आता येत नाही. का येत नाही, तेच सांगायला बसले आहे.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते. आमचं इंजिन खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं असतं. हे माप जगभरच्या छंदी लोकांनी ठरवून ठेवलेलं आहे, म्हणून अमरावतीत बनलेलं इंजिन नाशिकच्या माणसाच्या रुळांवर विनातक्रार धावतं. खऱ्या इंजिनाच्या दाराची मूठ आमच्याकडे बाजरीच्या दाण्याहून लहान होते. बाजूचे कठडे शिवणाच्या दोऱ्याइतक्या पितळी तारेचे. अंगाचा साचा रबराचा असतो. त्यात रेझीन ओतायचं. ते जाताना मधासारखं जातं आणि निघताना दगडासारखं निघतं. आत छोटी मोटर, पुढे दिवा, आणि खऱ्या इंजिनाचा आवाज काढणारी नखाएवढी चकती. घेणारे बहुतेक लोक पन्नाशीच्या पुढचे. ते घरातली एक खोली अडवून रूळ टाकतात, स्टेशनं बांधतात, वेळापत्रक लावतात आणि गाडी उशिरा सुटली की स्वतःवरच चिडतात.

माझं माहेर तिवसा तालुक्यातलं. आमची फुलशेती. झेंडू, शेवंती, मधल्या पट्ट्यात वांगी आणि मेथी. माय आणि काकू हार गुंफायच्या, बाबा माल अमरावतीला न्यायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. आमच्या गावच्या शाळेत भूमिती शिकवणाऱ्या सरांनी मला एक सवय लावली. वस्तू समोरून पाहिली की लगेच बाजूने आणि वरून कशी दिसेल ते कागदावर काढायचं. त्या एका सवयीवर मी मेकॅनिकलची इंजिनीयर झाले, नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत यंत्रांची देखभाल केली, आणि त्याच सवयीवर आज पोट भरते. सरांचे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत, म्हणून निदान लिहून ठेवते.

या धंद्यात कशी आले ते लांबवत नाही. गिरणीतल्या एका साहेबांच्या मेहुण्यांचं मोडकं इंजिन दुरुस्त करून दिलं. त्यांनी दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मग गिरणीतून रजा घेतली, अमरावतीत दोन खोल्या घेतल्या आणि रफीकभाईंना बोलावलं. रफीकभाई ट्रकांवर नावं, मोर आणि कमळं रंगवायचे. त्यांचा हात असा की तांदळावर गावाचं नाव लिहावं आणि ते वाचताही यावं.

गिऱ्हाईकं एकेक नमुना असतात. नाशिकच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी इंजिन पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पत्र पाठवलं. इंजिनाच्या नंबरातला इंग्रजी चार आम्ही उघड्या डोक्याचा काढला होता, खऱ्यावर तो बंद डोक्याचा होता. सोबत पुरावा म्हणून तीन फोटो, प्रत्येकावर 'अ', 'ब', 'क' अशी खूण. रफीकभाईंनी मुकाट्याने चारचं डोकं बंद केलं आणि म्हणाले, "ताई, जजसाहेबानं चारले जन्मठेप देल्ली."

दुसरे एक गुरुजी धारणीकडून एसटीने आले. त्यांना इंजिन नको होतं, फक्त त्याचा भोंगा ऐकायचा होता. त्यांच्या शाळेत घड्याळ बंद पडलं की भोंग्यावर तास सुटायचा. मी चकती जोडून भोंगा वाजवला. त्यांनी चार वेळा ऐकला, म्हणाले, "सुटला पीरियड," आणि चहा पिऊन परतीच्या गाडीला गेले.

गुरुजींचा तो भोंगा छोट्या लाईनचा होता. अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीला आमच्याकडे छोटी लाईन म्हणत. ती वाट सातपुड्यातून जायची आणि तिथे एका जागी चढ एवढा की गाडी डोंगराभोवती गोल फिरून स्वतःच्याच रुळांवरच्या पुलावरून पुढे जायची. आता ती गाडी राहिली नाही.

छंदी लोकांच्या मंडळाने ठरवलं की त्या गाडीच्या डिझेल इंजिनाची पन्नास मॉडेलं करून घ्यायची, आणि अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयात तो गोल चढ हुबेहूब मांडून, छोट्या लाईनवर नोकरी केलेल्या लोकांसमोर गाडी चालवायची. काम आम्हाला मिळालं, पण अटीवर. हे जमलं तर पुढची सगळी इंजिनं आमच्याकडे. नाही जमलं तर काम परदेशातल्या कारखान्याकडे. इकडे गिरणीच्या साहेबांनी माझी जागा दसऱ्यापर्यंत धरून ठेवली होती. प्रदर्शन दसऱ्याच्या आधी आठ दिवस. म्हणजे पन्नास इंजिनं तो चढ चढली तर कार्यशाळा राहणार, नाहीतर रफीकभाई पुन्हा ट्रकांवर मोर काढणार आणि मी गिरणीत.

त्या जातीचं एक इंजिन एका ठिकाणी चौथऱ्यावर शोभेसाठी उभं केलेलं आहे. मी आणि रफीकभाईंनी तीन दिवस त्याची मापं घेतली. टेप, ओळंबा, व्हर्नियर, शिडी. पाट्या, कड्या, पायऱ्या, जाळ्या, काही सोडलं नाही. जुने फोटो होते, पण ते सगळे तोंडाकडून काढलेले. खालचा भाग सावलीत काळा. म्हणून मापांवरच भिस्त. साचा झाला, पन्नास अंगं ओतून झाली आणि पहिलं इंजिन रंगवून तयार झालं. असं देखणं इंजिन आम्ही तोवर केलं नव्हतं.

ते घेऊन मी अकोल्याला तायडेकाकांकडे गेले. तायडेकाका छोट्या लाईनवर फिटर होते, आयुष्य या इंजिनांखाली काढलेलं. मला फक्त खालच्या लाल रंगाची छटा विचारायची होती. आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही करून घ्यायचं होतं.

काकांनी इंजिन हातात घेतलंच नाही. ते टेबलावर ठेवायला सांगितलं, स्वतः खाली उकिडवे बसले आणि डोळे टेबलाच्या कडेशी आणून बघत राहिले.

"कोनं मोजलं हे?"

"मी मोजलं, काका."

"चौथऱ्यावरलं?"

"हो."

"मोजलं त बरोब्बर. पन मेलेलं मोजलं, बापा."

मला कळेना. काका उठले, गुडघे चोळत खुर्चीवर बसले.

"हे इंजन रिकामं हाये, पोरी. याच्या पोटात कायीच नाई."

मी हसले. म्हटलं, "काका, मॉडेल आहे ते. आत बारकी मोटर आहे."

"तुह्या मोटरचं नाई सांगून राहिलो. चौथऱ्यावर न्याच्या आधी त्याची मशीन काढली, जनरेटर काढला. डिझेलची टाकी कोरडी. एवढं वजन उतरलं त खालच्या स्प्रिंगा काय करन? वर येईन ना! तीन बोटं वर आलं ते. चालतं इंजन असं टाचा उचलून उभं राह्यत नाई. ते बसते. भरल्या पोटानं बसते."

"तीन बोटं म्हणजे... नक्की तीन?"

"तीन." काकांनी तीन बोटं माझ्यासमोर धरली. मग आत वळून म्हणाले, "चहा टाक वो, पोरगी दमून आली." त्यानंतर या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत. लाल रंग कोणता ते मात्र स्वयंपाकघरातल्या रांजणाकडे बोट दाखवून सांगितलं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी इंजिनाचं खोकं मांडीवर घेऊन नुसती बसून होते. तीन बोटं भागिले सत्त्याऐंशी. अर्धा मिलिमीटर. खोटी गोष्ट आम्ही अगदी खरी मोजली होती.

आणि लाज कशाची वाटत होती, तर ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती. माल न्यायला टेम्पो यायचा तेव्हा बाबा लांबून त्याच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघायचे आणि सांगायचे, "आंधीच भरेल हाये, आपला माल नाई बसत." ड्रायव्हर शपथा घ्यायचा की रिकामा आहे. ताडपत्री उचलली की आत कोबी निघायची. गाडीचं पोट तिच्या बसण्यावरून कळतं, हे ज्या माणसाने मला शेताच्या बांधावर शिकवलं त्याची मी मुलगी, आणि इंजिनीयर. चौथऱ्यापाशी तीन दिवस होते आणि एकदाही मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रफीकभाईंना सांगितलं. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला.

"ताई, अर्ध्या मिलिमीटरले कोन पाह्यते? मंडळवाल्यायनं भिंगं लावली तरी नाई दिसत."

"तायडेकाकांना भिंगाशिवाय दिसलं."

"त एक मानूस झाला."

"रफीकभाई, मंडळाच्या लोकांनी फोटो पाहिलेत. या एका माणसाने इंजिन पाहिलंय."

रफीकभाईंनी ते देखणं इंजिन उचलून स्वतःसमोर ठेवलं. आठवडा घालवला होता त्यांनी त्यावर. मग म्हणाले, "कानस काढा."

इंजिनाचं अंग चाकांच्या ज्या गाड्यावर टेकतं, ती बैठक अर्धा मिलिमीटर घासली. इंजिन खाली बसलं, आणि काय सांगू, त्याचं रूपच पालटलं. आधी ते दुकानात मांडल्यासारखं दिसायचं, आता वजनदार दिसू लागलं. रफीकभाई म्हणाले, "आता जेवलेला दिसून राहिला गडी."

मग ते रुळांवर ठेवलं. सरळ रुळांवर छान गेलं. गोल चढाइतक्या वळणावर आलं आणि अडलं. अंग खाली आल्यामुळे वळताना चाकांचा गाडा पायऱ्यांच्या मागच्या बाजूला घासत होता. खऱ्या इंजिनाच्या पायऱ्या पातळ पत्र्याच्या असतात. आमच्या अंगासोबत ओतलेल्या, म्हणून जाड, कारण रेझीन फार पातळ जागेत उतरत नाही. उपाय एकच होता. पन्नासही अंगांच्या पायऱ्या कापून काढायच्या आणि पितळी पत्र्याच्या नव्या लावायच्या. एका इंजिनाला चार. म्हणजे दोनशे पायऱ्या, प्रत्येकीला दोन घड्या, आणि घडी सगळीकडे सारखी. दिवसभर मान मोडून मी सहा केल्या. त्यातल्या दोन वाकड्या. प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते.

त्या आठवड्यात माय वांगी घेऊन आली. पिशवी कोपऱ्यात ठेवून माझ्या पाठीशी उभी राहिली.

"काय करून राहिली व?"

"पायऱ्या वाकवतेय. दर वेळी वेगळी घडी पडते."

"पडनच. तू बोटानं दाबून राहिली. पाकळी कधी दाबते का कोनी?" तिने पिशवीतून हाराची लांब सुई काढली. माझी माय सुईशिवाय घराबाहेर पडत नाही. पत्र्याचा तुकडा सुईवर ठेवला आणि सुईच बोटांत फिरवली. पत्रा सुईभोवती वळला आणि थांबला. "दाबाचं नाई. फिरवाचं. सुई जेवढी, तेवढीच घडी. दर खेपीले."

मी मोजून पाहिलं. पहिली, दुसरी, तिसरी. केसाचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती काकूला घेऊन आली. दोघी खिडकीखाली सतरंजी टाकून बसल्या, मांडीवर सुती कापड, कापडावर पितळी पत्र्याचे तुकडे. काकू काम करताना सगळ्या गावाच्या सोयरिकी बोलायची. रफीकभाईंना दोन दिवसांत आमच्या भावकीतली भांडणं तोंडपाठ झाली आणि ते मधून मधून न्यायही देऊ लागले. चौथ्या दिवशी दुपारी दोनशे पायऱ्या झाल्या. माय कापड झटकत म्हणाली, "झालं? मले वाटलं लय हाये." मी इंजिनीयर झाले ते या दोघींनी गुंफलेल्या हारांवर. पण माझं इंजिन रुळावर येण्यासाठीही त्यांचीच बोटं लागतील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

एक रुखरुख इथेच सांगून टाकते. याआधी आम्ही मोठ्या लाईनच्या एका इंजिनाची बारा मॉडेलं केली होती, तीही चौथऱ्यावरच्या इंजिनाची मापं घेऊनच. म्हणजे ती बाराही रिकाम्या पोटाची. कोणी तक्रार केली नव्हती. चारचं डोकं बंद करायला लावणाऱ्या न्यायाधीशांच्याही नजरेतून ते सुटलं होतं. मी बाराही जणांना पत्र लिहून चूक कबूल केली आणि इंजिन पाठवा, दुरुस्त करून देते, असं कळवलं. सात आली. चार जणांनी लिहिलं, असू द्या. न्यायाधीशांनी उत्तर दिलं, "आरोपीने स्वतःहून गुन्हा कबूल केल्याचं माझ्या कारकिर्दीत क्वचित पाहिलं. इंजिन तसंच ठेवतो, पुरावा म्हणून." बाकीच्या चार इंजिनांची आठवण आली की मला अजूनही बरं वाटत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दाराला आमच्याच शेतातला झेंडू होता. बाबांनी स्वतः आणून बांधला. त्यांना मी इंजिनाचं काही सांगितलं नव्हतं. ते आजवर एकच प्रश्न विचारत आलेले, "तुही खेळनी अजून किती दिवस?"

आत टेबलं जोडून सातपुडा उभा केला होता. साग, दगडी पूल, खाली गोल वळण, वर तेच रूळ स्वतःला ओलांडून जाणारे. भोवती छोट्या लाईनवरची जुनी माणसं, कोणी ड्रायव्हर, कोणी गार्ड, कोणी पॉइंट्समन. मंडळाचे लोक हातात भिंग घेऊन. माय आणि काकू पुढच्या रांगेत. तायडेकाका खुर्ची नाकारून थेट टेबलाच्या कडेशी उकिडवे बसले, त्या दिवशी घरी बसले होते तसे.

इंजिनामागे सात डबे लावले. भोंगा वाजला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, हा त आपलाच!" आणि सगळे हसले.

गाडी स्टेशनातून निघाली, सरळ रूळ संपले आणि वळण लागलं. पुलाखालचा भाग सगळ्यांत आवळ. तिथे दोन दिवसांपूर्वीच्या चाचणीत एक पायरी घासल्यासारखी वाटली होती आणि रफीकभाईंनी ती पुन्हा बसवली होती. इंजिन पुलाखाली शिरलं. रफीकभाईंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, माझी नजर पायऱ्यांवर होती. पायरी आणि चाकांचा गाडा यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. ती रेघ वळणभर तशीच राहिली. इंजिन पुलाखालून बाहेर आलं, डोंगराभोवती फिरलं आणि आवाज चढवत, सातही डबे ओढत पुलावर आलं. मागचा डबा अजून पुलाखाली होता. छोटी लाईन स्वतःच्याच डोक्यावरून चालली होती.

हॉलमध्ये शिट्ट्या आणि टाळ्या. एका म्हाताऱ्या गार्डने खिशातला रुमाल काढून हलवला. काकू मायला म्हणाली, "त्या पुढच्या पायऱ्या माह्या हाये." मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पुढचं इंजिन कोणतं करायचं ते आता तुम्ही सांगायचं." गिरणीच्या साहेबांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला, मनापासून आभार मानले आणि जागा सोडली.

त्या गर्दीत माझ्या कानावर बाबांचा आवाज आला. ते पुण्याच्या दोन अनोळखी गृहस्थांना काहीतरी समजावून सांगत होते. बहुधा मायने वाटेत त्यांना सगळं सांगितलं असावं.

"पाहा, इंजन कसं बसेल हाये. रिकामं असतं त वर दिसलं असतं. आमचा टेम्पो तसाच. भरला की बसते." मग म्हणाले, "बनवनारी माही पोरगी हाये. खेळनं नोये ते."

त्यानंतर मला त्या शब्दाचा राग येत नाही.

लोक पांगल्यावर मी तायडेकाकांजवळ जाऊन बसले. इंजिन स्टेशनात त्यांच्या नाकासमोर उभं होतं. इतके दिवस मनात होतं ते विचारलं. "काका, तीन बोटं हे तुम्हाला इतकं नक्की कसं ठाऊक?"

काका इंजिनाकडेच बघत होते.

"मशीन मीच काढली ना त्याची. चौथऱ्यासाठी. हुकूम आला, काढा. क्रेनची साखळी माह्याच हातानं लावली. मशीन जशी बाहेर निंगली, तसं इंजन हळूहळू वर आलं. माह्यासमोर. जसं कोनी बसेल मानूस निंगाले उठते. म्या खाली हात घालून पाह्यलं. तीन बोटं. कोनाले सांगतलं नाई. कोनाले सांगाचं?"

काकांनी उजवा हात वर करून तीन बोटं इंजिनासमोर धरली, आणि एकेक करत तिन्ही मिटली.

"बसलं," ते म्हणाले.